विश्रुतचरित आणि वाकाटकांचा अंत : एका संशोधनलेखाचें परीक्षण

ताम्रपट बोलतो तो मोजकें बोलतो. दान कोणीं दिलें, कोणास दिलें, गांव कोणत्या परगण्यांत होता, इतकें सांगून तो मौन धरतो. कथेचें तसें नाहीं. ती राजाच्या मनांतलें सांगते, अमात्याचा सुस्कारा ऐकविते, राज्य बुडालें तें कोणाच्या दोषानें बुडालें हेंही निःशंकपणें बोलून दाखविते. म्हणून ज्या काळाचे ताम्रपट हातीं नाहींत त्या काळासाठीं कथेस साक्षीला बोलावण्याचा मोह इतिहासकारास पडतो. हा मोह निंद्य नव्हे. परंतु उलटतपासणी झाल्यावांचून साक्षीदाराची जबानी मान्य करूं नये हा न्यायसभेंतील नियम वाङ्मयाच्या साक्षीसही लागू केला पाहिजे, असें आमचें मत आहे.

या दृष्टीनें आम्ही येथें ज्या लेखाचें परीक्षण योजिलें आहे तो नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी (१८९३-१९८५) यांचा, दण्डीच्या ‘दशकुमारचरितां’तील ऐतिहासिक सामग्रीविषयींचा इंग्रजी लेख होय. तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या ‘अॅनल्स’ या नियतकालिकाच्या २६ व्या खंडांत १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. आणि त्यांतील मत पुढें १९५७ च्या ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ या त्यांच्या मराठी ग्रंथाच्या द्वारें महाराष्ट्रीय वाचकांपर्यंत पोंचलें. लेख इतका जुना असतां त्याची चर्चा आज कां, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, लेख जुना झाला तरी त्याचा निष्कर्ष जुना झालेला नाहीं. किंबहुना, जें मिराशींनीं अनुमान म्हणून मांडलें तें आज विद्यार्थ्यांच्या निबंधांतून व अजिंठ्याच्या वाटाड्यांच्या तोंडून घडलेली हकीकत म्हणून ऐकूं येतें. अनुमानाची हकीकत कशी बनते, हें पाहणें वाङ्मयाच्या अभ्यासकाचें कर्तव्य होय.

आम्हां नांदेडकरांस या प्रश्नांत आणखी एक आस्था आहे. १९३९ सालीं वाशीम येथें वाकाटकनृपति दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट सांपडला. त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षीं दिलेलें हें दान ज्या गांवाचें होतें तो गांव ‘नंदिकटा’च्या उत्तर मार्गांत, म्हणजे उत्तरेकडील विभागांत, होता. नंदिकट म्हणजेच आपलें नांदेड, असें मिराशींनीं ठरविलें व तें सामान्यतः मान्य झालें आहे. या एका ताम्रपटानें वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथें वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा नांदत होती हें प्रथमच उजेडांत आलें, आणि नांदेड त्या शाखेच्या राज्यांत होतें हेंही कळलें. तेव्हां त्या राज्याचा शेवट कसा झाला, हा आमच्या दृष्टीनें परक्या मुलखाचा प्रश्न नव्हे. लातूरचें नांव ‘लट्टलूर’ या रूपानें राष्ट्रकूटांच्या बिरुदांत चमकूं लागतें तें याहून कित्येक शतकें मागाहून. मधल्या काळोखांत कोठून तरी एक पणती दिसावी, असें या भागांतील प्रत्येक इतिहासप्रेमी मनुष्यास वाटतें. आणि म्हणूनच पणती व काजवा यांतील भेद त्यानें विशेष सावधपणें केला पाहिजे.

ज्या कथेवर मिराशींच्या लेखाची उभारणी आहे ती ‘दशकुमारचरिता’च्या आठव्या उच्छ्वासांतील विश्रुताची कथा. ती थोडक्यांत अशी. विदर्भांत भोजकुलांतला पुण्यवर्मा नांवाचा सद्गुणी राजा होऊन गेला. त्याच्या मागें त्याचा पुत्र अनंतवर्मा गादीवर आला. हा बुद्धीनें तीव्र, कलांत निपुण, परंतु दण्डनीतीविषयीं बेपर्वा. वसुरक्षित नांवाच्या वृद्ध अमात्यानें त्यास राजनीतीचा उपदेश केला. परंतु विहारभद्र नांवाच्या खुशमस्कऱ्यानें त्या उपदेशाची अशी कांहीं थट्टा उडविली कीं, राजाचें मन त्या अमात्यावरून उतरलें. ही संधि साधून शेजारच्या अश्मक देशाचा राजा वसंतभानु यानें आपल्या अमात्याचा पुत्र चंद्रपालित यास, बापाशीं भांडून आल्याच्या मिषानें, विदर्भांत धाडलें. त्यानें राजास एकेका व्यसनाचे गुण पटवून दिले. इकडे अश्मकाच्या हेरांनीं विदर्भाचें सैन्य नाना युक्त्यांनीं खच्ची केलें. मग वसंतभानूनें वनवासीच्या भानुवर्म्यास स्वारी करण्यास चिथावलें, आणि अनंतवर्म्याच्या साहाय्यास म्हणून जमलेले कुंतल, मुरल, ऋषिक, कोंकण व नासिक्य येथील अधिपति आंतून फोडले. राजा युद्धांत पडला. लुटीवरून सामंतांत कलह लावून देऊन वसंतभानूनें विदर्भ गिळंकृत केला. राणी वसुंधरा आपली कन्या मंजुवादिनी व बालपुत्र भास्करवर्मा यांस घेऊन माहिष्मतीस, पतीचा सावत्र भाऊ मित्रवर्मा याच्या आश्रयास गेली. तेथें दीरच मुलाच्या जिवावर उठला. आणि शेवटीं विश्रुतानें मित्रवर्म्याचा कांटा काढून त्या बालकास माहिष्मतीच्या गादीवर बसविलें.

मिराशींचें म्हणणें असें कीं, यांतील व्यक्तींचीं नांवें कल्पित असलीं तरी परिस्थिति कल्पित नाहीं. विदर्भाचा राजा सार्वभौम, आणि कुंतलापासून नासिक्यापर्यंतचे राजे त्याचे मांडलिक, असा योग इतिहासांत वाकाटकनृपति हरिषेण याच्या वेळीं आला. म्हणून पुण्यवर्मा हा हरिषेण, अनंतवर्मा हा त्याचा ज्ञात नसलेला पुत्र, आणि कथेंतील विदर्भाचा नाश हा इ. स. ५०० च्या सुमारास झालेला वाकाटकांचा नाश होय. हरिषेणानंतर वत्सगुल्माच्या कोणत्याही राजाचा लेख मिळत नाहीं, ही गोष्ट या अनुमानास पोषक ठरते. ‘दशकुमारचरितां’तील भूगोलाची चर्चा मार्क कॉलिन्स या पाश्चात्य पंडितानें १९०७ सालीं केलीच होती, परंतु त्या भूगोलामागें एका विशिष्ट राज्याचा विशिष्ट क्षण उभा आहे हें पाहण्यास वाकाटकांच्या लेखांवर हयात घालविलेल्या मिराशींचीच दृष्टि हवी होती. या कल्पकतेचें श्रेय त्यांस मोकळ्या मनानें दिलें पाहिजे.

त्यांची पद्धतिही मुळांतच चुकीची आहे असें कोणीं म्हणूं नये. याच आठव्या उच्छ्वासांत, विष्णुगुप्तानें मौर्यासाठीं सहा हजार श्लोकांत दण्डनीति संक्षिप्त केली, असा उल्लेख आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां तो ग्रंथ पूर्वींच्यांस ठाऊक होता याचें एक प्रमाण म्हणून दण्डीचा हा उल्लेख पुढें करण्यांत आला. म्हणजे या कथेनें एकदां इतिहासाच्या न्यायसभेंत उपयोगाची साक्ष दिलेली आहे. परंतु त्या साक्षीचें स्वरूप लक्षांत घ्यावें. अमुक नांवाचा ग्रंथ आपल्या काळीं प्रसिद्ध होता, हें सांगणें दण्डीच्या प्रत्यक्ष ज्ञानांतलें होतें. दोनशें वर्षांपूर्वीं एक राज्य कसें बुडालें, हें सांगणें तसें नव्हे. दण्डीचा काळ सातव्या शतकाची अखेर व आठव्याचा प्रारंभ असा आज बहुधा धरला जातो, आणि त्याचें वास्तव्य दूर कांचीस. त्याचे पूर्वज विदर्भांतील अचलपुरास राहून दक्षिणेकडे गेले असें ‘अवंतिसुंदरी’वरून दिसतें, तेव्हां कुलपरंपरेनें कांहीं आठवणी त्याच्यापर्यंत आल्या असणें अशक्य नाहीं. परंतु अशक्य नसणें आणि सिद्ध असणें यांत फार मोठें अंतर आहे.

आतां प्रत्यक्ष प्रमाणांकडे वळूं. हरिषेणाच्या साम्राज्याचा मुख्य आधार अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील, त्याचा अमात्य वराहदेव याचा शिलालेख. त्यांत हरिषेणाच्या संबंधानें कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट व आंध्र हीं नांवें येतात. दुर्दैवानें तो श्लोक तुटलेला आहे. या देशांचें हरिषेणानें नेमकें काय केलें तें सांगणारें क्रियापदच नष्ट झालें आहे. तें असो. दण्डीच्या कथेंतील फितूर सामंत कुंतल, मुरल, ऋषिक, कोंकण व नासिक्य येथले. दोन्ही याद्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या तर वाचकास काय दिसतें? दोहोंत समान असें एकच नांव, कुंतल. त्रिकूट म्हणजे नासिक-कोंकणाकडील प्रदेश, असें समीकरण मांडल्यावर साम्य थोडें वाढतें हें खरें. परंतु कलिंग, कोसल, आंध्र हे पूर्वेकडील देश कथेंत कोठेंच नाहींत, आणि कथेंतला मुरल शिलालेखांत नाहीं. ज्या साम्यास सिद्ध करण्यासाठीं अगोदर समीकरणें मांडावीं लागतात, तें साम्य स्वतः प्रमाण होऊं शकत नाहीं.

दुसरी गोष्ट ‘भोज’ या कुलनामाची. वाकाटक हे विष्णुवृद्ध गोत्रांतले ब्राह्मण, भोज नव्हेत. विदर्भाच्या राजास भोज म्हणणें ही कविपरंपरा होय. कालिदासानेंही ‘रघुवंशां’त इंदुमतीच्या भावास भोजच म्हटलें आहे. दण्डीनें तीच वाट धरली. म्हणजे आपल्या विदर्भराजाचें कुल ठरवितांना दण्डी वत्सगुल्माच्या वृत्तांताकडे पाहत नव्हता, काव्यांतील रूढीकडे पाहत होता. वाकाटकांचीं सेनान्त नांवें, सर्वसेन, प्रवरसेन, देवसेन, हरिषेण, यांचाही कथेंत मागमूस नाहीं. नांवें कल्पित म्हणून सोडून द्यावीं, कुल रूढीचें म्हणून सोडून द्यावें, तर मग उरतें काय? उरतो तो राज्य बुडविणाऱ्या कारस्थानाचा आराखडा. मिराशींच्या लेखाचा खरा भार या आराखड्यावर आहे. आणि आमचा मुख्य आक्षेपही तेथेंच आहे.

हा आराखडा दण्डीस इतिहासांतूनच मिळाला असला पाहिजे काय? आमच्या मतें त्याचा उगम दाखविण्यासाठीं वाकाटकांच्या राजवाड्यापर्यंत जाण्याची गरज नाहीं. अर्थशास्त्राच्या पोथीपर्यंत गेलें म्हणजे पुरे. विहारभद्र ज्या दिनचर्येची थट्टा करतो, दिवसाचे आठ व रात्रीचे आठ भाग पाडून राजानें प्रत्येक भागांत काय करावें, ती कौटिल्याच्या पहिल्या अधिकरणांतली. चंद्रपालित ज्या मृगया, द्यूत, स्त्री व पान या चार व्यसनांचे गुण गातो तीं कौटिल्याच्या आठव्या अधिकरणांत कामज व्यसनें म्हणून क्रमवार चर्चिलेलीं आहेत. आणि मृगयेनें व्यायाम घडतो, मेद झडतो, चल लक्ष्याचा वेध साधतो, हा युक्तिवादही तेथें आहेच. हेरांकरवीं शत्रूचें बळ आंतून पोखरणें, फूट पाडणें, विष व अग्नि यांचा प्रयोग करणें, हेही त्या शास्त्रांतले शिकविलेले उपाय. तात्पर्य, विश्रुतचरिताचा पूर्वार्ध म्हणजे दण्डनीति सोडणाऱ्या राजाचें काय होतें व ती पाळणाऱ्या शत्रूस काय मिळतें याचें, शास्त्राच्या पानावर पान ठेवून रचलेलें उदाहरण आहे. जें पुस्तकांतून येऊं शकतें त्यासाठीं घटनेची साक्ष काढणें तर्कशास्त्रास धरून होत नाहीं.

आणखी एक गोष्ट. दण्डीची मूळ कृति या उच्छ्वासाच्या अखेरीस तुटली आहे. वसंतभानूचा वध होऊन भास्करवर्म्यास विदर्भाचें राज्य परत मिळाल्याचा भाग उत्तरपीठिकेंत येतो, आणि ती दण्डीची नव्हे हें सर्वमान्य आहे. तेव्हां वाकाटकांचें राज्य पुनः सांवरलें कीं नाहीं, या प्रश्नास कथेच्या शेवटाचा आधार घेणें म्हणजे अज्ञात मनुष्याच्या पुरवणीस दण्डीची सही समजणें होय.

मग मिराशींचें मत सर्वथा टाकाऊ ठरतें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. एक नांव असें आहे कीं जें शास्त्राच्या पोथींतून येत नाहीं आणि काव्याच्या रूढींतूनही येत नाहीं. तें म्हणजे अश्मक. विदर्भाचा घातकी शेजारी म्हणून दण्डीनें अश्मकासच कां निवडावें? येथें अजिंठा बोलतो. १७ व्या लेण्यांतील शिलालेख हरिषेणास राजांमधील चंद्र म्हणतो, आणि तें लेणें खोदविणाऱ्या मांडलिक घराण्यानें अश्मकादि देश जिंकल्याचा उल्लेख करतो. उलट २६ व्या लेण्यांत बुद्धभद्र नांवाचा भिक्षु अश्मकराजाच्या भव्विराज नांवाच्या अमात्याचें स्मरण करतो, आणि वाकाटकांचें नांवही घेत नाहीं. त्या एकाच डोंगरांत अश्मकाचे शत्रु व अश्मकाचे सेवक या दोघांचेही हात लागलेले आहेत. वाकाटकांच्या मांडलिकांचें अश्मकाशीं वैर होतें, आणि तें वैर कोणत्या तरी रूपानें लोकांच्या स्मरणांत राहून दण्डीपर्यंत पोंचलें, इतकें अनुमान करण्यास जागा आहे. परंतु येथेंही एक खोंच आहे. १७ व्या लेण्याचें घराणें ऋषिकाचें, असें मिराशींचेंच मत. शिलालेखांत तें अश्मकाचें शत्रु व हरिषेणाचें एकनिष्ठ. कथेंत ऋषिकाचा राजा अश्मकाच्या कटांत सामील. पिढी बदलली म्हणजे निष्ठा बदलते, असें उत्तर देतां येईल. तथापि तें उत्तर कथेवर विश्वास ठेवल्यावरच सुचतें.

हा अश्मक देश होता कोठें, या प्रश्नावरही एकमत नाहीं, आणि तो प्रश्न आमच्या दाराशीं येतो. मिराशी त्यास अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) व बीड यांकडे ठेवतात. दुसरे कित्येक पंडित त्याची राजधानी पोतन म्हणजे तेलंगणांतील, नांदेड जिल्ह्याच्या सीमेजवळचें बोधन, असें मानतात. पहिलें मत घेतल्यास वसंतभानूचा मुलूख लातूरच्या पश्चिमेस येऊन भिडतो. दुसरें घेतल्यास नांदेड हें नाक्याचें ठाणें ठरतें. आपण बुडालेल्या राज्याचे वारस कीं बुडविणाऱ्या राज्याचे, याचा निकाल नकाशावरील रेघ कोठें ओढावी यावर लटकतो, हें पाहून स्थानिक अभिमानानें जरा बेतानें बोलावें हें बरें.

मिराशींनंतर नवें साहित्य पुढें आलें आहे. वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथील शिलालेखानें हरिषेणाचा पिता देवसेन शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८, या वर्षीं राज्य करीत होता हें निश्चित केलें. अमेरिकन पंडित वॉल्टर स्पिंक (१९२८-२०१९) यांनीं मिराशींच्या मताचा स्वीकार करून अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा सारा कालानुक्रम त्याच्या आधारें बसविला. हरिषेणाचा मृत्यु व खोदकामाचा अंत इ. स. ४७७ च्या सुमारास आणून ठेविला. लेण्यांतील अर्धवट सोडलेल्या कामाचें त्यांचें निरीक्षण अत्यंत सूक्ष्म आहे, आणि तें स्वतःच्या बळावर उभें राहूं शकतें. परंतु त्यामुळें विद्यार्थ्यांच्या मनांत एक चक्र तयार झालें आहे: कथा खरी, कारण लेणीं एकाएकीं थांबलीं, आणि लेणीं एकाएकीं थांबलीं, कारण कथेप्रमाणें राज्य बुडालें. दोन लंगड्या मनुष्यांनीं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवले म्हणजे ते चालूं लागतात खरे. पण त्यांपैकीं एकाचाही पाय बरा झालेला नसतो.

आतां वाङ्मयाच्या बाजूनें आमची तक्रार. विश्रुतचरितांतील श्रेष्ठ भाग कोणता, असें रसिक वाचकास विचारलें तर तो सामंतांची यादी सांगणार नाहीं. विहारभद्राचें भाषण सांगेल. राजास झोंप मिळत नाहीं, जेवणांत विषाची धास्ती सुटत नाहीं, आणि ज्यांच्यासाठीं हें सारें करावयाचें ते शास्त्री मात्र घरीं सुखानें असतात, असें तो बोलतो तेव्हां वाचक हंसतो. आणि हंसतां हंसतां आपणही अनंतवर्म्याच्या बाजूचे झालों हें ध्यानांत येऊन चपापतो. असत्य इतकें गोड करून दाखवावें कीं राजा कां फसला तें वाचकानें स्वतः फसून समजावें, ही दण्डीची किमया आहे. जो वाचक या कथेकडे केवळ वाकाटकांचें दप्तर म्हणून पाहतो त्याच्या हातीं पांच-सात देशांचीं नांवें येतात. आणि जें दण्डीनें खरोखर दिलें तें पानावरच राहतें. मिराशींस हें सौंदर्य दिसलें नसेल असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. त्या लेखाचा विषयच निराळा होता. दोष आहे तो आम्हां शिक्षकांच्या अध्यापनाचा, कीं जें लेखाचें प्रयोजन तेंच आम्ही कथेचें प्रयोजन करून टाकलें.

सारांश, मिराशींच्या लेखाचे तीन भाग वेगळे पाडावे. अश्मक-विदर्भ वैराची स्मृति कथेंत उतरली आहे, हा भाग संभवनीय. त्यास शिलालेखांचें पाठबळ आहे. कथेंतील सामंतमंडळ म्हणजे हरिषेणाचें साम्राज्य, हा भाग संशयित. याद्या जुळत नाहींत. पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण, अनंतवर्मा म्हणजे त्याचा पुत्र, आणि कट घडला तो असाच घडला, हा भाग असिद्ध. ताम्रपट किंवा शिलालेख मिळेपर्यंत तो असिद्धच राहील. नांदेड-लातूरच्या शाळा-महाविद्यालयांतून ही गोष्ट सांगतांना ‘असें घडलें’ याच्या जागीं ‘असें घडलें असावें, असें मिराशींचें अनुमान आहे’ इतके शब्द जरी आले, तरी या थोर संशोधकाचा मान राखला जाईल आणि सत्याचाही. नंदिकटाचें नांव ताम्रपटांत कोरलेलें आहे. त्याची प्रतिष्ठा वाढविण्यास कथेंतील राजाचें रक्त सांडण्याची आवश्यकता नाहीं.